उतार नसलेला लॉस आणि पायटॉर्च: दीड वर्षाच्या वापरानंतर

माझं मॉडेल जुनी छापील पानं वाचतं. स्कॅन केलेली ओळ दिली की त्यातला मजकूर टाइप करून देतं. तो मजकूर पुढे जातो आमच्या मुद्रितशोधक ताईंकडे. एका पानात किती ठिकाणी हात लावावा लागला, तो आकडा त्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवतात. माझ्या लेखी लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय याचं माप, तोच. बाकीचे सगळे आकडे त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा.

अडचण एवढीच, की पेन्सिलीचा आकडा पूर्णांक असतो. मॉडेलमधलं एखादं वजन (शिकताना बदलणारा आतला आकडा) किंचित हलवलं तर ‘पाणी’मधल्या ‘ण’ची शक्यता ०.४०० ची ०.४०१ होते, पण मॉडेल लिहितं ‘पानी’च आणि ताई खूण करतात एकच. आकडा जागचा हलत नाही, म्हणजे उतार शून्य. मग कुठल्यातरी एका बिंदूला ‘न’ जाऊन ‘ण’ येतो आणि आकडा धाडकन खाली येतो. नेमका तिथे उतार काढताच येत नाही. बॅकप्रॉपगेशनचं, म्हणजे चुकीवरून मागे जात प्रत्येक वजन कुठे हलवायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं, सगळं पोट उतारावर चालतं. उतार नसेल तेव्हा वापरायची जी साधनं पायटॉर्चमध्ये (अशी मॉडेलं घडवायच्या लायब्ररीत) आहेत, ती मी गेलं दीड वर्ष रोज हाताळते आहे. हे परीक्षण तेवढ्या साधनांचं आहे, अख्ख्या पायटॉर्चचं नव्हे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण नव्याने येणारे बहुतेक जण तिथेच अडतात. ‘लॉस डिफरन्शिएबल नाही’ (त्याचा उतार काढता येत नाही) म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे टोकदार कोपरा येतो. कोपऱ्याने काही बिघडत नाही. रेलूला (ऋण आकड्याचं शून्य करणाऱ्या फंक्शनला) शून्यापाशी कोपरा आहे, निरपेक्ष किमतीलाही आहे, आणि दोन्ही वर्षानुवर्षं सुखाने चालताहेत. अशा ठिकाणी पायटॉर्च काय करतं ते ऑटोग्रॅडच्या (पायटॉर्चमधल्या उतार काढणाऱ्या भागाच्या) माहितीपानावर क्रमाने लिहिलंय: फंक्शन बहिर्वक्र असेल तर सबग्रेडियंटांपैकी (कोपऱ्यापाशी चालतील अशा उतारांपैकी) सर्वांत लहान घ्यायचा, अंतर्वक्र असेल तर तसंच सुपरग्रेडियंटाचं, वगैरे. म्हणून रेलूचा शून्यापाशी ग्रेडियंट, म्हणजे उतार, शून्य मिळतो. हे पान जरूर वाचा, छान लिहिलंय. पण आपला खरा शत्रू कोपरा नाही, सपाट पठार आहे. पठारावर उतार अगदी व्यवस्थित काढता येतो, तो शून्य येतो आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो.

पठारावर पायटॉर्च दोन तऱ्हांनी वागतं आणि दोन्हींतला फरक मला महागात पडला. ‘आर्गमॅक्स’ (सर्वांत मोठी शक्यता कितव्या जागी ते सांगणारं फंक्शन) वापरून थेट लॉस काढलात तर ते पूर्णांक परत करतं, ग्राफ (उतार मागे नेणारी साखळी) तिथेच तुटतो आणि ‘बॅकवर्ड’ (उतार काढायचा हुकूम) म्हटल्याबरोबर स्पष्ट एरर येते. हे उत्तम. ‘राउंड’ (जवळचा पूर्णांक), ‘साइन’ (आकड्याचं अधिक-उणे चिन्ह), ‘फ्लोअर’ (खालचा पूर्णांक) यांचं तसं नाही. त्यांचा उतार गणिताने शून्यच आहे, म्हणून पायटॉर्च प्रामाणिकपणे शून्य देतं आणि गप्प राहतं. गणित शंभर टक्के बरोबर आहे. सावध राहायचं ते आपण.

माझ्याकडे झालं ते असं. पान वाचण्याआधी प्रतिमा काळी-पांढरी करायची होती. किती करड्या ठिपक्याला काळं म्हणायचं, तो उंबरठा मॉडेलने स्वतः शिकावा म्हणून मी त्याला एक वजन केलं, सुरुवातीची किंमत ०.५. ठिपक्यातून उंबरठा वजा, मग सिग्मॉइड (आकडा ० ते १ मध्ये बसवणारं फंक्शन), मग राउंड. ट्रेनिंग लावलं. एरर नाही. लॉस उतरतोय. उंबरठ्याचा आलेख उघडला तर तोही हळूहळू खाली सरकत होता, रेघ इतकी गुळगुळीत की बघून बरं वाटावं. दहा हजार पावलांनंतर तो ०.४५२ च्या आसपास होता. मी गटात सांगूनही टाकलं, की आपली पानं फिकट आहेत हे मॉडेलला समजलं.

त्याला काहीच समजलं नव्हतं. मी अ‍ॅडमडब्ल्यू हा ऑप्टिमायझर (वजनं बदलणारा भाग) वापरत होते, लर्निंग रेट (पावलाचा आकार) ०.००१ आणि वेट डिके (वजनं शून्याकडे झिजवायचं प्रमाण) मूळचाच, ०.०१. ग्रेडियंट शून्य असला तरी हा ऑप्टिमायझर प्रत्येक पावलाला वजन ०.९९९९९ ने (१ उणे या दोन आकड्यांचा गुणाकार) गुणतो. दहा हजार वेळा गुणा: ०.५ चे ०.४५२ होतात. माझ्या सुंदर रेघेत तेवढंच होतं, चक्रवाढीने झिजणारा एक आकडा. लॉस उतरत होता तो पुढचे थर शिकत होते म्हणून. त्या रात्री मी उंबरठ्याचा ग्रेडियंट छापून बघितला. ०.००२ नाही, ०.०००००१ नाही, नुसता ०.

इथून पुढे ‘ऑटोग्रॅड.फंक्शन’ची गोष्ट सुरू होते, आणि मला हा भाग मनापासून आवडतो. तुम्ही एक क्लास लिहिता. ‘फॉरवर्ड’मध्ये खरं काम, ‘बॅकवर्ड’मध्ये त्याचा उतार, आणि तो उतार काय म्हणायचा ते सर्वस्वी तुमच्या हातात. मी फॉरवर्डमध्ये राउंड ठेवलं आणि बॅकवर्डमध्ये आलेला ग्रेडियंट जसाच्या तसा पुढे सोडला, मधे राउंड नव्हतंच अशा थाटात. याला स्ट्रेट-थ्रू एस्टिमेटर म्हणतात. जेफ्री हिंटन यांनी २०१२ च्या ऑनलाइन व्याख्यानांत ही युक्ती सांगितली होती आणि बेंजिओ, लेओनार आणि कूरव्हील यांनी २०१३ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. एका ओळीतही जमतं: मूळ किंमत, अधिक राउंड आणि मूळ यांतला फरक ‘डिटॅच’ करून, म्हणजे उताराच्या हिशेबातून वगळून. मी मात्र क्लासच लिहिते. सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला ‘इथे उतार खरा नाही, मानलेला आहे’ हे नावासकट दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरठा ०.५ च्या वर चढलेला होता. झिजणारं वजन कधी वर चढत नाही, तेव्हा या वेळी खात्री पटली.

याच क्लासच्या जोडीला ‘ग्रॅडचेक’ येतं, आणि दीड वर्षातलं माझं सर्वांत लाडकं साधन कुठलं विचाराल तर हे. तुमच्या बॅकवर्डने दिलेला उतार ते प्रत्यक्ष हलवून काढलेल्या उताराशी ताडून बघतं: इनपुट एक दशलक्षांशाने पुढे-मागे करायचं आणि आउटपुट किती बदललं ते मोजायचं. डबल प्रिसिजनमध्येच चालवा, साध्या फ्लोटमध्ये त्याचे निकाल भरवशाचे नसतात. स्ट्रेट-थ्रू यात नापास होणारच, कारण मोजलेला उतार शून्य आणि तुम्ही सांगितलेला एक. ते ठीक आहे, तो मानलेला उतार आहे हे आपल्याला माहीत आहे. जिथे उतार खरा असल्याचा दावा आहे तिथे ग्रॅडचेक चालवायचं.

मी ते एका तयार पॅकेजवर चालवलं. नाव घेत नाही. ‘डिफरन्शिएबल एडिट डिस्टन्स’ (एक मजकूर दुसऱ्यासारखा करायला किती बदल लागतात ती मोजणी, पण उतार असलेली) असा त्याचा दावा होता, म्हणजे माझी अडचण एका फटक्यात संपणार होती. कल्पना चांगलीच आहे: एडिट डिस्टन्सच्या तक्त्यात प्रत्येक खान्यात तीन पर्यायांतला लहान निवडतात, त्या ‘मिन’च्या जागी मऊ मिन (लहान किमतीच्या जवळपास जाणारा, पण गुळगुळीत) घालायचा की सगळा तक्ता गुळगुळीत होतो. क्यूतुरी आणि ब्लाँडेल यांनी २०१७ मध्ये दोन क्रमांतलं अंतर मोजणाऱ्या सॉफ्ट-डीटीडब्ल्यूत हेच केलं आणि ते चोख चालतं. या पॅकेजमध्ये मात्र चार बाय पाचच्या तक्त्यावर ग्रॅडचेकने पहिल्याच फेरीत बोट ठेवलं. बाकी खाने जुळत होते, पहिल्या ओळीतले आणि पहिल्या स्तंभातले जुळत नव्हते. तिथला ग्रेडियंट मागे न्यायचाच राहून गेला होता. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सुटलेल्या किंवा जास्तीच्या अक्षराबद्दल मॉडेलला कधीच काही कळलं नसतं, आणि ट्रेनिंग मात्र निर्वेध चाललं असतं. पंधरा मिनिटांच्या तपासणीने माझे कित्येक आठवडे वाचले. पॅकेजवाल्यांना कळवलंय.

आता मुख्य साधन, ‘टॉर्च.डिस्ट्रिब्युशन्स’: शक्यतांवरून नमुने काढणारा पायटॉर्चचा भाग.

‘पाणी’कडे परत येऊ. मॉडेल म्हणतंय ‘न’ची शक्यता ०.६, ‘ण’ची ०.४. सर्वांत मोठी शक्यता उचलली तर चूक एक, आणि ती एकच राहते. पण उचलायचं सोडून फासे टाकले तर? दहातल्या सहा वेळा ‘न’ पडेल आणि चूक होईल, चार वेळा ‘ण’ पडेल आणि चूक होणार नाही. सरासरी चूक ०.६. आता वजन हलवून ‘ण’ची शक्यता ०.४०१ केली की ही सरासरी ०.५९९ होते. उतार मिळाला! चूक मोजायची पद्धत पायऱ्या-पायऱ्यांचीच राहिली, तिची सरासरी मात्र गुळगुळीत झाली. रोनाल्ड विल्यम्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या रीइन्फोर्सचा गाभा हाच. उतार काढायला चुकीच्या आत डोकवावं लागत नाही. नमुना काढा, त्याची चूक मोजा, त्या नमुन्याच्या शक्यतेच्या लॉगला चुकीने गुणा आणि बॅकवर्ड म्हणा. ‘कॅटेगोरिकल’, ‘सॅम्पल’, ‘लॉग-प्रॉब’: तीन शब्दांत काम होतं, आणि माहितीपानावर नमुना कोडही आहे. फक्त तिथे बक्षीस धरलंय म्हणून उणे चिन्ह आहे. आपल्याकडे बक्षीस नसून दंड आहे, तेव्हा ते चिन्ह काढा. मी काढलं नव्हतं आणि मॉडेल एका दुपारी चुका करण्यात चांगलंच तरबेज झालं.

नुसतं एवढं करून मात्र भागत नाही. हा उतार सरासरीने बरोबर असतो, पण एकेका वेळी वाऱ्यावर असतो. त्याला ताळ्यावर आणायला तुलना लागते. मी प्रत्येक ओळीचे ८ नमुने काढते. समजा त्यांतल्या चुका ३, ४, २, ३, ५, ३, ४, २ आल्या. पाच चुकांच्या नमुन्यासाठी बाकी सातांची सरासरी येते ३, म्हणजे तो इतरांहून २ ने वाईट, त्याची शक्यता खाली ढकलायची. दोन चुकांच्या नमुन्यासाठी बाकीच्यांची सरासरी ३.४३, म्हणजे तो १.४३ ने बरा, त्याला वर घ्यायचं. स्वतःला वगळून सरासरी घेतली की उतारात कल (ठरावीक बाजूची चूक) शिरत नाही. आयबीएममधल्या रेनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चित्रांना ओळी लिहिणाऱ्या मॉडेलसाठी तुलनेला मॉडेलचंच ठाम उत्तर (दर वेळी सर्वांत मोठी शक्यता उचलून आलेलं) घेतलं होतं, तेही चालतं. माझ्या पानांवर सातांची सरासरी जास्त शांत वाटली.

आणि कोऱ्या मॉडेलवर हे लावू नका. काहीच न येणाऱ्या मॉडेलचे आठही नमुने सारखेच भंगार असतात, त्यांच्यातला फरक म्हणजे निव्वळ गोंगाट. मी आधी सीटीसी लॉसवर मॉडेल पूर्ण शिकवते (कुठलं अक्षर ओळीत नेमकं कुठे आहे ते न सांगता शिकवायची २००६ ची पद्धत, पायटॉर्चमध्ये तयार आहे, गुळगुळीत आहे) आणि ते एका जागी येऊन थांबलं की मग नमुन्यांवर आणते, सीटीसीचा थोडा वाटा सोबत ठेवून. ग्रेव्ह्‌स आणि जेटली यांनी २०१४ मध्ये बोललेलं ऐकून लिहिणाऱ्या मॉडेलसाठी हाच क्रम वापरला होता: आधी सीटीसी, मग शब्दांच्या चुकांची अपेक्षित सरासरी.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. या पद्धतीत स्क्रीनवर छापला जाणारा लॉसचा आकडा बघू नका. तो फक्त बरोबर उतार मिळावा म्हणून रचलेला आहे. वर जातोय की खाली, याला अर्थ नाही. नमुन्यांतल्या सरासरी चुका वेगळ्या छापा आणि त्याच बघा.

एवढा खटाटोप कशासाठी, सीटीसी काय वाईट होतं? याचं उत्तर मला ‘क्षमा’ या शब्दाने दिलं. मॉडेलने त्याचं ‘शमा’ वाचलं होतं. युनिकोडमध्ये ‘क्षमा’ म्हणजे पाच खुणा: क, हलन्त, ष, म, काना. ‘शमा’ म्हणजे तीन. लेव्हनश्टाइनच्या हिशेबाने (म्हणजे एडिट डिस्टन्सने) अंतर ३: एक बदल, दोन गाळलेले. ताईंच्या कडेला मात्र एकच खूण होती, कारण माणसाच्या डोळ्याला ‘क्ष’ हे एक अक्षर दिसतं. म्हणजे जोडाक्षराची एक चूक माझ्या मोजणीत साध्या अक्षराच्या तिप्पट भरत होती आणि मॉडेल सगळा जीव जोडाक्षरांवर काढत होतं. मी मोजणी अक्षरावर आणली. क्ष-मा विरुद्ध श-मा: एक. पा-णी विरुद्ध पा-नी: तेही एक. आणि बाकी कोडला हातसुद्धा लावावा लागला नाही! मोजणारं फंक्शन हा बंद डबा आहे, आत काय आहे ते पायटॉर्च विचारत नाही, त्याला बाहेर आलेला आकडा पुरतो.

मग मी ताईंना जाऊन विचारलं, की तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो. त्या म्हणाल्या, “अगं, चुकलेलं अक्षर डोळ्याला टोचतं गं, ते सापडतं. दोन शब्द एकमेकांना चिकटले ना, की वाचताना मन ते आपोआप सोडवून घेतं आणि चूक निसटते. ती मला दुसऱ्या वाचनात शोधावी लागते.” दुसरं वाचन म्हणजे अख्खं पान पुन्हा. मी सुटलेल्या जागेचा दंड २ केला. एका माणसाचा पानापानावरचा अनुभव दोन ओळींच्या बदलाने ट्रेनिंगमध्ये उतरला. चिकटलेले शब्द कमी झालेले त्यांनी मी न सांगता ओळखले, आणि त्या दिवशी मला या साधनाबद्दल जे वाटलं ते कुठल्याही तक्त्यात मांडता येणार नाही.

वेगाचं म्हणाल तर किंमत मोजावी लागते. ३२ ओळींची बॅच, प्रत्येकीचे ८ नमुने, म्हणजे दर पावलाला २५६ वेळा एडिट डिस्टन्स, आणि तो सीपीयूवर. साध्या पायथनच्या लूपमध्ये जीपीयू बराच वेळ नुसता वाट बघत बसायचा. मोजणी सी भाषेत लिहून घेतल्यावर सुसह्य झालं.

गम्बेल-सॉफ्टमॅक्सबद्दल थोडक्यात. फासे टाकून केलेल्या निवडीच्या जागी उतार असलेला मऊ व्हेक्टर देणारी, २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलेली ही युक्ती पायटॉर्चमध्ये एका फंक्शनवर मिळते. तापमान (निवड किती मऊ ते ठरवणारा आकडा) मूळचं १, ‘हार्ड’ (एकच पर्याय पूर्ण निवडायची सोय) मूळचं बंद. मऊ व्हेक्टर पुढे चालणार असेल तिथे झकास: माझ्या मॉडेलमध्ये तीन वेगळ्या वाचकांपैकी एक निवडायचा भाग आहे, तिथे मी हेच ठेवलंय. एडिट डिस्टन्सला मात्र ‘थोडा ण, थोडा न’ चालत नाही, त्याला अक्षर हवं. तापमान फार उतरवलं तर ग्रेडियंट सैरभैर होतात, फार चढवलं तर निवड निवड राहत नाही. मधलं शोधण्यात वेळ जातो.

उताराशिवाय शोधणाऱ्या पद्धती पायटॉर्चबाहेरच्या, पण उल्लेख हवा. सीएमए-ईएस (आकडे हलवून बघत चांगल्यांकडे सरकत जाणारी पद्धत) मी मॉडेलच्या वजनांसाठी वापरत नाही. वजनं १० लाख असतील तर तिचा कोव्हेरियन्सचा (कुठला आकडा कुणासोबत बदलतो त्याचा) तक्ता १० लाख गुणिले १० लाख, डबलमध्ये ८ टेराबाइट. पण मॉडेलचं वाचन आणि भाषेचं मॉडेल यांना किती-किती महत्त्व द्यायचं, असे शेवटचे तीन-चार आकडे जुळवायला तिच्यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तुमचं काम प्रतिमेतला भाग कापून काढायचं असेल आणि मोजणी आयओयूची (दोन भागांची सामाईक जागा भागिले दोघांनी मिळून व्यापलेली जागा), तर नमुन्यांच्या भानगडीत पडण्याआधी २०१८ चा लोव्हाझ-सॉफ्टमॅक्स लॉस बघा. गुळगुळीत पर्याय कुणी नीट रचून ठेवला असेल तर तोच घ्यावा.

ही साधनं कुणी घ्यावीत? ज्यांची मोजणी कुणा माणसाच्या कामातून आलेली आहे आणि जी कुठल्याच तयार लॉसमध्ये बसत नाही, त्यांनी नि:शंक घ्यावीत. क्रॉस-एन्ट्रॉपीसारख्या तयार लॉसवर समाधान असेल तर हा व्याप नको. मला स्वतःला एका गोष्टीची उणीव जाणवते: एखाद्या वजनाचा ग्रेडियंट सलग कित्येक पावलं काटेकोर शून्य राहिला तर सांगणारी सोय मूळातच असावी. तोवर मी माझी वापरते. दर १०० पावलांनी ज्या वजनांचा ग्रेडियंट ‘नन’ (म्हणजे मिळालेलाच नाही) किंवा नेमका शून्य आहे त्यांची नावं छापते, आणि उंबरठ्यासारख्या एकट्या वजनांचा वेट डिके बंद ठेवते. बारा ओळींचा कोड आहे. नवीन मॉडेल घेतलं की मी सगळ्यात आधी तो चिकटवते.

परवा ताईंनी अवतरणचिन्हांचा विषय काढला. उघडणारं आणि बंद होणारं चिन्ह अदलाबदल झालं तर त्या पूर्ण खूण करत नाहीत, बारीकसा ठिपका देतात. त्याला ०.५ दंड धरून कालपासून ट्रेनिंग लावलंय.